दगड जागेवर कापावा की शॉप ड्रॉइंगवरून तयार आणावा?

दर्शनी भिंतीला दगड लावायचं ठरलं की पहिला वाद हाच. लाद्या आणून मिस्त्रीकडून जागेवर मापं घेत कापून घ्यायच्या, की एकेका दगडाचं ड्रॉइंग (हेच शॉप ड्रॉइंग) काढून, नंबर घालून, सगळं कारखान्यातूनच आणायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

जागेवर कापण्यात काम लगेच सुरू होतं, हे मोठंच सुख. आरसीसी, म्हणजे काँक्रीटचा सांगाडा, ओळंब्यात असतं ते नकाशावरच. इथे १५ मिमी बाहेर, तिथे १० मिमी आत. मुरलेला मिस्त्री ते दगडागणिक सांभाळून घेतो. कुंपणाची ओबडधोबड भिंत किंवा साधी फरशी असेल तर मी आजही ड्रॉइंगच्या फंदात पडणार नाही.

माझं घोडं अडलं ते खिडकीपाशी. थरात ६०० मिमीचे १२ दगड, सांधा ६ मिमीचा ठरलेला. प्रत्यक्षात पडला ८ चा. दोन मिमी कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत, पण ११ सांध्यांत त्यांचे २२ होतात आणि ते सगळे शेवटच्या दगडाला भरावे लागतात. तो कापून ५७८ चा केला. वरच्या थरात ५८४, त्याच्या वर ५७१. सांध्यांची जी उभी रेघ खिडकीशेजारून सरळ वर जायला हवी होती, ती नागमोडी झाली. भर दुपारी काही कळत नाही. ऊन तिरपं झालं की प्रत्येक सांध्यात सावली भरते आणि दुसरं काही दिसतच नाही. मिस्त्रीला तरी काय बोलणार? त्याचा एकेक दगड बरोबरच होता.

शॉप ड्रॉइंगमध्ये हे भांडण कागदावर मिटतं. खिडकीच्या कडेपासून सांधे मांडायचे आणि उरलेली घट-वाढ नजरेआडच्या कोपऱ्यात ढकलायची. दगड भिंतीला धरून ठेवणाऱ्या पिनची भोकंही तिथेच ठरतात. ३० मिमी जाडीच्या दगडात परांचीवर उभं राहून हाताने पाडलेलं भोक जरा पुढे सरकलं, की दर्शनी बाजूची कपची उडालीच म्हणून समजा.

आता त्रास. मंजुरीत दिवस जातात, आर्किटेक्ट सांधे दोनदा बदलतात, आणि तोवर मालक ‘दगड कुठंय?’ म्हणून विचारत राहतो. शिवाय आरसीसी उभं राहिल्यावर जागेची मापं न घेता, नुसत्या नकाशावरून ड्रॉइंग काढलं, तर चुकीचे दगड अगदी अचूक कापून येतात. त्यापेक्षा मिस्त्री परवडला. घाईचं काम असेल तर कदाचित तुमचा हिशोब वेगळा निघेल.

ड्रॉइंगवरून केलेल्या मागच्या कामात उतरवताना एक दगड फुटला. कारखान्याला फोनवर ‘उत्तर, तिसरा थर, १४’ एवढंच सांगितलं. चौथ्या दिवशी दगड आला आणि ग्राइंडर न लावता बसला. रंग शेजारच्यांपेक्षा किंचित उजळ आहे, पण तो दोष खाणीचा.