खिडकीच्या मापाचा कूलर आणि तळाशी उरणारे पाणी

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये आम्ही एकाच आठवड्यात दोन कूलर घेतले. बैठकीसाठी नागपूरच्या इतवारीतल्या एका कारागिराकडून मापाने बनवून घेतलेला पत्र्याचा, आणि आतल्या खोलीसाठी एका कंपनीचा प्लॅस्टिकचा तयार. दोन उन्हाळे काढल्यावर हे लिहीत आहे.

महाल भागातील आमच्या जुन्या घराची खिडकी ३१ इंच रुंद असल्यामुळे पत्र्याचा कूलर त्याच मापाने बनवून घेतला, आणि बाहेरची ४५ अंशांची कोरडी हवा ओढून तो बैठक खरोखर गार करतो. तयार कूलर मात्र खोलीतच ठेवावा लागत असल्याने तीच दमट हवा पुन्हा ओढतो आणि तासाभरात अंग चिकट होते.

एवढे असूनही पहिला उन्हाळा मी त्या कारागिरावर चिडूनच काढला. पाणी काढण्याचे तोंड त्याने तळापासून एक इंच वर बसवले होते. तळ ३० बाय ३० इंचांचा आहे, म्हणजे सगळे पाणी सोडल्यावरही सुमारे १५ लिटर आत राहते. डेंग्यूच्या भीतीने आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची, तर दर रविवारी स्पंज आणि बादली घेऊन बसावे लागते. शिवाय तोंड वेल्डिंगने जोडताना पत्र्यावरचा जस्ताचा थर जळाल्यामुळे गंज नेमका तिथूनच सुरू झाला. प्लॅस्टिकच्या टाकीचा तळ मुळातच उतरता असल्याने तिचे पाणी पूर्ण निघते. साच्याच्या वस्तूत असल्या चुका कोणीतरी आधीच भोगून काढलेल्या असतात. मापाच्या वस्तूत गिऱ्हाइकाला जे सुचले नाही, ते राहून जाते. मी खिडकी तीनदा मोजली होती, पण तोंडाविषयी एक शब्द काढला नव्हता, हेही कबूल केले पाहिजे.

यंदा ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, तयार कूलरचा पंप बंद पडला आणि माझे मत बदलले. वॉरंटी संपली होती. त्या मॉडेलच्या खाचेत दुसरा पंप बसत नाही आणि कंपनीचा पंप मागवावा लागेल, असे सेवा केंद्राने सांगितले. तो येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्याच आठवड्यात पत्र्याच्या कूलरचाही पंप गेला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला साधा पंप मी स्वतः दहा मिनिटांत बसवला. त्याचा पंखा, मोटर, जाळ्यांत भरायचे लाकडी तंतूंचे वुडवूल सगळे बाजारात सुटे मिळते. मापाचा आहे तो केवळ डबा. तयार कूलरमध्ये मात्र प्रत्येक भाग त्या एका मॉडेलपुरताच घडवलेला निघाला.

गंजलेले तोंड खाली घेण्याविषयी कारागिराला विचारले, तर तो म्हणाला की वेल्डिंग केल्यास जस्त पुन्हा जळेल, त्यापेक्षा नवा तळ ९०० रुपयांत घालून देतो. तूर्त मी मागच्या पायांखाली शहाबादी फरशीचे दोन तुकडे सरकवून कूलर तोंडाकडे कलता केला आहे. आता तीन-चार लिटरच पाणी उरते. ९०० रुपयांचे पुढच्या मार्चमध्ये पाहू.