आरामासाठी बेट शोधत असाल तर अंदमानातल्या नीलचा विचार करा, आम्ही चार रात्री राहून आलोय

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत, छोटाच, आणि मी तिथं हिशोबाचं बघते. हे आधीच सांगते कारण ज्यांनी लूमच्या शेडमध्ये दिवस काढलेत त्यांनाच कळेल आम्हाला काय हवं होतं ते. शेडमधून बाहेर पडलं तरी खटखट डोक्यात चालूच राहते. मिस्टरांना तर दोन वर्षांपासून रात्री कानात शिट्टीसारखा आवाज येतो, डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं जमलं तर थोडे दिवस मशीनपासून लांब जाऊन या. तेव्हाच ठरलं, कुठल्यातरी बेटावर जायचं, आणि फिरायला नाही, नुसतं बसायला.

पहिल्यांदा इथल्याच एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. त्यांनी अंदमानचं पाच रात्रींचं पॅकेज दाखवलं, त्यात रोज बॅग भरायची, रोज पहाटे बोट नाहीतर गाडी, आणि पॉइंट मोजले तर सोळा. मी म्हणलं आम्हाला बसायचंय, तर म्हणे मॅडम एवढे पैसे घालून कुणी नुसतं बसतं का. आम्ही टोकन दिलं होतं ते परत मिळायला दोन महिने गेले, पण बरंच झालं, कारण मग आम्ही स्वतः बसून सगळी बेटं नीट बघितली.

मालदीव सगळ्यांच्या तोंडी असतंय. पाणी सुंदर आहे यात वाद नाही, आपल्याला तिथं पोचल्यावर फुकट व्हिसाही मिळतो. पण तिथलं गणित असं की बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, विमानतळावरून तिथं जायला स्पीडबोट नाहीतर सीप्लेन, त्याचे पैसे डॉलरमध्ये वेगळे, आणि एकदा पोचलं की जेवायचं पण तिथंच. सासूबाई पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही ठराविक दिवशी चालत नाही, त्यांना पाच दिवस बुफेपुढं उभं करायचं माझ्या जिवावर आलं. लोकल बेटांवर गेस्टहाऊस स्वस्त आहेत, नवीन लग्न झालेल्यांनी किंवा मित्रमित्रांनी जरूर बघावं. मॉरिशसचं मनात होतं कारण तिथं मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मराठी शिकवतातही, पण मुंबईहून सहा तासांवर विमान आणि बेट बऱ्यापैकी मोठं, म्हणजे परत गाडी घेऊन फिरणं आलंच.

खरं मन लक्षद्वीपवर बसलं होतं. पण तिथं आधी परमिट काढावं लागतं, कोचीहून जहाज धरलं तर बेटानुसार चौदा ते अठरा तास, आणि विमानानं अगत्तीला जायचं तर सीटच कमी. पोराची शाळा, कारखान्यातल्या ऑर्डरी आणि परमिटच्या तारखा एका रेषेत आल्याच नाहीत. ज्यांना सहा महिने आधी ठरवता येतं त्यांनी तिकडंच जावं असं मी म्हणीन.

उरलं अंदमान. सोलापूरकरांना एक सोय आहे, हैदराबाद गाडीनं तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि तिथून पोर्ट ब्लेअरला थेट विमान. ज्यांना रेल्वे बरी वाटते त्यांना चेन्नईची गाडी आपल्याच स्टेशनवर मिळते आणि तिथून विमान. बुकिंग करताना नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप, पण बोटवाले, हॉटेलवाले सगळे अजून जुनीच नावं घेतात.

कधी जायचं ते पण बघा. आम्ही संक्रांतीची गड्डा यात्रा झाल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आपल्याकडं पाचशे-साडेपाचशेला आपण खूश असतो. मे पासून पाऊस सुरू होतो आणि पुढं ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांची भीती, बोटी रद्द होतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. जानेवारी ते एप्रिल सगळ्यात बरं.

पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलसाठी. मराठी माणूस तिथं गेला आणि जेल न बघता आला असं होऊच नये. सात विंगांपैकी तीनच उरल्यात. कोठडी साडेचार मीटर बाय पावणेतीन, खिडकी म्हणजे वर छताजवळ एक झरोका. सावरकर १९११ मध्ये तिथं गेले आणि दहा वर्षं तिथं होते. सासूबाई त्यांच्या कोठडीत हात जोडून किती वेळ उभ्या होत्या, बाहेर आल्यावर संध्याकाळपर्यंत काही बोलल्या नाहीत. तेलाचा घाणा बघितला तेव्हा माझ्या पोटात कसंतरी झालं, आमच्याकडं मशीन बंद पडलं की कामगार वैतागतो, इथं माणसालाच बैलासारखं जुंपलं होतं.

मग एक रात्र हॅवलॉक. राधानगर बीच खरंच भव्य आहे, लांबच लांब पांढरी वाळू आणि मागं उंच झाडांचं जंगल, उगीच नाही टाइम मासिकानं २००४ मध्ये आशियातला सगळ्यात चांगला किनारा म्हणलं. पण सूर्यास्ताला सोलापूरच्या पार्क चौपाटीवर रविवारी असते तशी गर्दी, गाड्यांची रांग. बघून या, राहू नका, निदान आमच्यासारख्यांनी तरी.

आता नीलबद्दल, कारण चार रात्री इथंच काढल्या. बेट लहान आणि सपाट, स्कूटरवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास पण लागत नाही. बंगाली लोकांची वस्ती, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांना इथं वसवलेलं. सगळीकडं भाजीचे मळे, केळी, सुपारी, नारळ, अंदमानची भाजी इथूनच जाते असं म्हणतात आणि बाजारात वांगी, भोपळा, पालेभाजी बघून सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. डाळ, भात, बटाटा-फ्लॉवर कुठंही मिळतंय, सोबत आमची शेंगा चटणी आणि कडक भाकरी होतीच. भाकरी पाच दिवस टिकली, दमट हवेत जरा मऊ पडली एवढंच.

पहिल्या रात्री मात्र माझ्या डोळ्यात पाणी आलं. रूम चांगली, स्वच्छ, पण खिडकीच्या मागंच हॉटेलचा जनरेटर. बेटावर लाइट जाते, हे गृहीत धरून चला, आणि गेली की ते धुड सुरू. एवढ्या लांब शांततेसाठी आलो आणि तीच घरघर. बुकिंग करताना फोटो बघतो, एसी विचारतो, जनरेटर कुठं ठेवलाय हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. मालकानं दुसऱ्या दिवशी बाजूची रूम दिली, तिथं एकदम सामसूम, तर झालं उलटंच, मिस्टरांना कानातली शिट्टी जास्त जोरात ऐकू यायला लागली. रात्रभर बसून होते बिचारे. नंतर डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले असंच होतं, आजूबाजूला काहीच आवाज नसला की तो आवाज वर येतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही सरळ सीतापूरच्या बाजूला राहायला गेलो. हा पूर्वेकडचा किनारा, उघड्या समुद्राचा, त्यामुळं भरतीला लाटा चांगल्या ऐकू येतात, रूममध्ये पडल्या पडल्या. साधी बांबूची खोली, एसी नाही, पंखा आणि मच्छरदाणी. त्या रात्री मिस्टर नऊला झोपले ते एकदम उजाडल्यावरच उठले. मी मुद्दाम कितीतरी वेळ जागी राहून बघत होते. म्हणून माझं सांगणं एवढंच की शांत बेट शोधता ना, तर नुसतं शांत नको, लाटा ऐकू येतील अशी खोली बघा. भरतपूर आणि लक्ष्मणपूरच्या बाजूला पाणी संथ, तिथं पोहायला छान, पण झोपायला सीतापूर.

आणि वेळेचं एक सांगायला पाहिजे, कारण आमचा पहिला दिवस त्यातच गेला. घड्याळ आपलंच पण हे बेट सोलापूरच्या पूर्वेला सतरा अंश, म्हणजे सूर्य एक तासाहून जास्त आधी. पावणेसहाला सूर्य उगवलेला, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य बुडालेला. आम्ही सोलापूरच्या हिशोबानं चहा पिऊन आरामात लक्ष्मणपूरला पोचलो तर अंधार. दोन दिवसांनी शरीरच बदलतं, सात वाजता जेवण, नऊला झोप, पहाटे पाचला आपोआप जाग.

भरती-ओहोटीचं पण बघून ठेवा, वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्याच्या पुढं दगडी नैसर्गिक पूल आहे, तो ओहोटीलाच बघता येतो आणि वाट म्हणजे निसरडे, धारदार दगड. सासूबाईंचा गुडघा दुखतोय म्हणून त्या आणि मी वरच थांबलो, पोरगा आणि मिस्टर जाऊन आले. चपलेपेक्षा पट्ट्याची सँडल घाला.

भरतपूरला काचेच्या तळाची बोट घेतली. खरं सांगायचं तर प्रवाळ जाहिरातीतल्यासारखं रंगीबेरंगी नाही, बराचसा भाग करडा. समुद्राचं पाणी जास्त तापलं की प्रवाळात राहणारं शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं, बरेचदा मरतंही, अंदमानात २०१० मध्ये हे मोठ्या प्रमाणात झालं होतं. मासे मात्र भरपूर, पोरगा स्नॉर्कलिंग करून आला तेव्हा त्याचं तोंड बंद होत नव्हतं. शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, कायद्यानं बंदी आहे आणि विमानतळावर बॅग तपासतात. सासूबाईंनी ओंजळभर गोळा केलेले, समजावल्यावर त्यांनी परत वाळूत नेऊन ठेवले.

ज्यांना खरेदी, रात्रीची गंमत, रोज नवीन काहीतरी लागतं त्यांनी इथं चार रात्री घेऊ नका, कंटाळाल. रेंज मधेच जाते, रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या, नीलवरच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका. बोटीत मळमळत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या, आम्ही बोट हलल्यावर घेतली, काही उपयोग झाला नाही.

खर्च विचाराल तर चौघांचा, सात रात्रींचा, हैदराबादच्या गाडीसकट पावणेदोन लाखाच्या आत बसला, त्यात विमानाचीच तिकिटं जवळजवळ निम्मी. तिकीट काढताना आधी विमान, मग लगेच बोट, हॉटेल शेवटी, कारण सीझनला हॉटेल मिळून जातं पण बोटीची सीट मिळत नाही. आणि परत येताना विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहा, समुद्र खवळला तर बोट सुटत नाही आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

सीतापूरच्या खोलीवाल्या दादांना मी पुढच्या फेब्रुवारीचं आत्ताच सांगून ठेवलंय, समुद्राकडून दुसरी खोली, तीच पाहिजे.