कुस्तीचा आखाडा की एमएमएचा पिंजरा?
वडोदऱ्यात जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा जवळून पाहिलेल्या ज्येष्ठ मराठी मंडळींना कुस्तीच प्रिय आहे, कारण प्रतिस्पर्धी चीत झाला की निकाल लागतो आणि पडलेल्यावर कोणी हात उगारत नाही. तरुणांना एमएमए, म्हणजे पिंजऱ्यात खेळली जाणारी मिश्र मार्शल आर्ट्स, भावते. ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव तेथे एकाच लढतीत दिसतात.

जमिनीवर पडलेल्याला मारणे मलाही पाहवत नाही. तरीही १९९३ मध्ये यूएफसी ही एमएमएची स्पर्धा सुरू झाली तेव्हा नियम नावापुरतेच होते, तर आता वजनगट आणि पाच मिनिटांच्या फेऱ्या आहेत, पंच लढत थांबवू शकतात आणि खेळाडू थाप देऊन हार मानू शकतो, हे टीकाकारांनी लक्षात घ्यायला हवे. २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला पूजा तोमर यांची लढत ज्येष्ठांनीही अवश्य पाहावी. मुलांसोबत पाहण्यासाठी मात्र मी कुस्तीच निवडेन.