अपेक्स एक्सटीएक्स ५०: दोन हिवाळे वापरल्यावर

अपेक्स एक्सटीएक्स ५० हा डायव्हिंगचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र. माझा आधीचा रेग्युलेटर साध्या पिस्टनचा (सरकत्या दट्ट्याचा) होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक निम्मी माझीच होती. कोमट समुद्रात त्याने कधी कुरकुर केली नाही. मग एकदा ४ अंशांच्या तळ्यात, १८ मीटरवर, मी ड्रायसूटच्या (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाच्या) इन्फ्लेटरचं, म्हणजे त्यात हवा भरणारं, बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि त्याच क्षणी मोठा श्वास ओढला. सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, जी हवा ओतत सुटली ती थांबेचना. बुडबुड्यांत गेजसुद्धा दिसेना. बडीने, म्हणजे जोडीदार डायव्हरने, मागून येऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मी त्याच्या ऑक्टोपसवर (जादा सेकंड स्टेजवर) वर आलो. काठावर पाहतो तर फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या भागावर, बर्फाचं कवच. नखाने खरवडलं तरी निघेना.

सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये एकदम खाली येते, भोवतालच्या दाबापेक्षा जेमतेम ९-१० बार जास्त उरते. पसरताना ती शून्याच्या बरीच खाली गार पडते. माझ्या पिस्टनमध्ये स्प्रिंगभोवती पाणीच खेळत होतं. ते गोठलं, पिस्टन उघडाच अडकला, होजमधला दाब चढत गेला आणि सेकंड स्टेज उघडी पडली.

अपेक्सची डीएसटी नावाची फर्स्ट स्टेज डायफ्रामची (लवचीक पडद्याची) आणि सीलबंद आहे, त्यामुळे स्प्रिंगपर्यंत पाणी पोचतच नाही. सेकंड स्टेजमध्ये पाण्यातली उष्णता आत ओढणारा धातूचा भाग आहे. ४ अंशांचं पाणीही आतल्या हवेच्या मानाने ऊबदारच की! दोन हिवाळ्यांत तिसेक डाइव्ह झाल्या, फ्री-फ्लो, म्हणजे हवा अशी सुटत राहणं, एकदाही नाही.

सगळं श्रेय त्याला देणार नाही. आता मी डोकं पाण्याखाली जाईपर्यंत त्यातून श्वास घेत नाही, कारण उच्छ्वासातली वाफ सेकंड स्टेजमध्ये गोठते. काठावर पर्ज, म्हणजे हवा सोडायचं बटण, दाबून बघायची खोड मोडली. व्हेंच्युरीचा (हवेचा झोत वाढवणारा) खटका पाण्यात उतरेपर्यंत मागे असतो. ड्रायसूटमध्ये हवा टिचकी मारल्यासारखी, थोडी थोडी, आणि तीही श्वास सोडताना. शिवाय दोन व्हॉल्व्हवर दोन फर्स्ट स्टेज, म्हणजे एक बंद करावी लागली तरी दुसरी आहे. धुताना डस्ट कॅप, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या इनलेटचं झाकण, घट्ट, आणि ती लावण्याआधी पुसून कोरडी. इनलेटमध्ये शिरलेला एक थेंबही नंतर बर्फ होतो.

विकत घेणाऱ्यांसाठी: ईएन २५० या रेग्युलेटरच्या युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी थंड धरतात. रेग्युलेटरवर '१० अंशांपेक्षा जास्त' अशी खूण असेल तर तो यासाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो. फक्त कोमट पाण्यात उतरणार असाल तर एवढं सीलबंद प्रकरण कशाला?

बडी अजूनही प्रत्येक डाइव्हआधी अंगठा दाबून धरल्याची नक्कल करून दाखवतो.