ओपन इलेक्टिव्हच्या जीवशास्त्राला कुठलं पुस्तक लावायचं?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर कला-वाणिज्यची मुलं ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय, म्हणून जीवशास्त्राच्या वर्गात येऊन बसू लागली आणि आम्हा प्राणिशास्त्राच्या मास्तरांची पंचाईत झाली. दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. बीएस्सीचं पुस्तक या मुलांना झेपत नाही आणि नुसत्या नोट्सवर भागवणं मनाला पटत नाही. मग कुणीतरी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं, म्हणजे फुकट पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या उपक्रमाचं, नाव सुचवतं. तिथे जीवशास्त्राची आपल्या कामाची दोन पुस्तकं फुकट मिळतात, आणि घाईत हमखास चुकीचं उतरवलं जातं. मीही जाडजूड तेच घेतलं होतं.

ते जाडजूड म्हणजे ‘बायॉलॉजी’ची २०१८ची दुसरी आवृत्ती, तोंडी भाषेत ‘टू-ई’. ४७ प्रकरणं, जीवशास्त्रातच पदवी घेणाऱ्यांना दोन सत्रं पुरतील अशी. दुसरं ‘कॉन्सेप्ट्स ऑफ बायॉलॉजी’, २०१३चं. त्यात २१ प्रकरणं, आणि ते विषय बाहेरून घेणाऱ्यांसाठीच लिहिलेलं.

फरक बघायचा तर दोन्हींतलं पेशीश्वसन शेजारी शेजारी उघडा. ‘टू-ई’त ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या, दहाही पायऱ्या विकरांच्या (एन्झाइमच्या) नावांसकट आहेत, पुढे क्रेब चक्राच्या आठ. ‘कॉन्सेप्ट्स’मध्ये ग्लुकोज फुटतो, पायरुव्हेट तंतुकणिकेत जातं, ऊर्जा साठवणारे एटीपी मिळतात आणि सूत्र लक्षात राहतं. ही नावं दहावीच्या विज्ञानात मुलांच्या कानावरून गेलेली असतात, त्यामुळे एका तासात गाडी पुढे सरकते. बीकॉमच्या मुलीला फॉस्फोफ्रुक्टोकायनेज असली विकरांची नावं पाठ करायला लावून आपण काय साधणार?

याचीच उलटी बाजू ‘कॉन्सेप्ट्स’च्या सोळाव्या प्रकरणात दिसते. पचन, रक्ताभिसरण, श्वसन, संप्रेरकं, स्नायू-हाडं, चेतासंस्था असं सगळं शरीर त्यात एकाच प्रकरणात कोंबलंय. मूत्रपिंडाच्या वाट्याला समस्थितीच्या (शरीरातला समतोल राखण्याच्या) भागातले थोडेच परिच्छेद येतात. नेमकं इथेच मुलं प्रश्न विचारतात, कारण घरात कुणाचं तरी डायलिसिस चालू असतं. ‘टू-ई’त उत्सर्जनाला स्वतंत्र, ४१वं प्रकरण आहे. त्यातली नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीची, आकृती उचलायची आणि ‘कॉन्सेप्ट्स’ला जोडायची.

असं जोडता येतं ते परवान्यामुळे, आणि माझ्या लेखी निवडीतला सगळ्यात मोठा मुद्दा तोच. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण हक्क राखीव असतात. वाचा, हात लावू नका. ओपनस्टॅक्सची ही दोन्ही पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय’ परवान्याखाली आहेत. मूळ पुस्तकाचा उल्लेख करायचा, परवान्याचा दुवा द्यायचा, बदल केले असतील तर तसं सांगायचं. मग प्रकरणं गाळा, मराठीत आणा, झेरॉक्सवाल्याकडून बांधून घ्या. आकृतीखालची श्रेयाची ओळ मात्र कापू नका. छपाईत पहिली उडते ती तीच.

आणि बदल करावेच लागतात. जैवविविधतेच्या प्रकरणात आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातले सिक्लिड मासे येतात. नाइल पर्च हा शिकारी मासा सोडला आणि स्थानिक जातींचा फडशा पडला, ही हकिगत इतकी बोलकी आहे की ती मी तशीच ठेवली. दहाव्या प्रकरणातला ‘फ्लेवर सेव्हर’ हा जनुकबदल केलेला टोमॅटो मात्र आपल्या मुलांना काहीच सांगत नाही. १९९४ साली अमेरिकेत बाजारात आलेलं ते वाण इथे कुणी चाखलेलं नाही. त्याच्याऐवजी बीटी कापूस घ्या. २००२ साली भारतात परवानगी, पुढे गुलाबी बोंडअळीत आलेली प्रतिकारक्षमता आणि तिनं बुडवलेला २०१७चा विदर्भातला हंगाम. अकराव्या प्रकरणातली नैसर्गिक निवडही त्यातच शिकवून होते.

भाषेचं म्हणाल तर दोन्ही इंग्रजीच. ‘कॉन्सेप्ट्स’ची वाक्यं त्यातल्या त्यात सुटसुटीत, शिवाय प्रकरणाअखेर संज्ञांची यादी आहे. मराठी माध्यमातली मुलं असतील तर तिच्यासमोर मराठी शब्दांचा एक रकाना टाका: हरितलवक, गुणसूत्र, विकर.

तेव्हा मुलांच्या हातात ‘कॉन्सेप्ट्स’, आपल्या टेबलावर ‘टू-ई’. मात्र एकविसाच्या एकवीस प्रकरणांच्या मागे लागू नका. तीस तासांत सात-आठ होतात. मी पेशी, श्वसन, आनुवंशिकता, जैवतंत्रज्ञान, उत्क्रांती, प्रतिकारशक्ती आणि शेवटचं संवर्धन ठेवतो. वर्गात मुलं बीएस्सीचीच असतील तर मात्र सरळ ‘टू-ई’ लावा. ‘कॉन्सेप्ट्स’ त्यांना अपुरं पडेल.