लेझर, आरएफ की ग्लू : दोन पाय, दोन पद्धती आणि मोज्यांचा वैताग

नाशिकच्या सिडकोत आमचं मेडिकल आहे. सकाळी नऊ ते रात्री साडेदहा काउंटरमागे उभं राहायचं, मध्ये दुपारी काय ती टेकायला मिळते तेवढीच, त्यामुळे व्हेरिकोज, म्हणजे पायाच्या नसा फुगून त्यांच्या गाठी होणं, झालं यात नवल काही नाही, आमच्या लाईनीतल्या सलूनवाल्याला आहे, समोर वडे तळणाऱ्याला आहे, शाळेतल्या दोन मॅडमना आहे. फरक एवढाच की माझे दोन पाय दोन वेगळ्या पद्धतीनं झालेत, उजवा २०२२ च्या मे महिन्यात लेझरनं आणि डावा २०२४ च्या एप्रिलमध्ये ग्लूनं, त्यामुळे व्हेरिकोजचे घट्ट, पाय आवळून धरणारे मोजे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं की भाऊ, कुठलं करू. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

डॉपलर, म्हणजे नसांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, झालंय, मांडीतल्या मेन नसेच्या झडपा गळतायत हे कळलंय आणि डॉक्टरांनी दोन-तीन पर्याय समोर ठेवलेत, अशांसाठी हे आहे. आणि हो, डॉपलर जर नुसतं झोपवून उरकलं असेल तर परत विचारा. माझं उभं करून केलं होतं, पोटरी दाबून सोडली की रक्त उलटं किती वेळ येतं ते बघतात, अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं की गळती धरतात.

जुनं ऑपरेशन म्हणजे जांघेत कापून तारेनं नस ओढून काढायची, ते आमच्या मोठ्या काकांचं झालं होतं, मणक्यात इंजेक्शन, मांडी काळीनिळी, तीन आठवडे दुकान बंद. काम मात्र पक्कं झालं, काका सत्तरीत पोचले तरी त्या पायाची तक्रार नाही. पण आज लेझरसारखे पर्याय असताना त्या वाटेला सहसा कोणी जात नाही. फोम म्हणजे औषधाचा फेस करून इंजेक्शननं नसेत सोडायचा, स्वस्त आहे, पण मेन नसेला एकट्या फोमवर मी तरी विसंबणार नाही. ब्रिटनमध्ये ११ सेंटर्सवर लेझर, फोम आणि ऑपरेशन यांची मोठी ट्रायल झाली होती, ७९८ पेशंटची, तिचे ५ वर्षांनंतरचे निकाल २०१९ मध्ये आले, त्यात फोमवाले मागे पडले. उरल्यासुरल्या बारीक नसांना फोम उत्तम, त्याचं पुढे सांगतो.

आता लेझर आणि आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी. दोन्हींत नस आतून भाजून बंद करतात, आरएफची सुई... सुई नाही, कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, १२० डिग्रीला तापतो आणि ७-७ सेंटीमीटरचा टप्पा २०-२० सेकंदांत घेत खाली येतो, लेझरची फायबर हळूहळू मागे ओढतात. आरएफनंतर दुखणं थोडं कमी म्हणतात, पण ते जुन्या लेझर मशीनच्या तुलनेत, आता १४७० नॅनोमीटरवाली मशीन आणि चहूबाजूंनी किरण सोडणारी रेडियल फायबर आलीय तर पेशंटला दोन्हींत फार फरक कळेल असं मला नाही वाटत. तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ते करा. दोन्हीला मांडीभर नसेच्या कडेकडेनं भुलीचं पाणी टोचतात, ते दहा-बारा टोचे काही गोड नसतात, पण तेही सहन होतं. मी टेबलावरून उतरून अर्धा तास चाललो, रिक्षानं घरी आलो, तिसऱ्या दिवशी दुकानात. मांडीत आतून दोरी ताणल्यासारखं आठ-दहा दिवस वाटलं, मग गेलं.

मला जे खरंच नडलं ते मोजे. आणि गंमत बघा, हे मोजे मीच विकतो, लोकांना काउंटरवर मी स्वतः सांगतो की काका काही नाही हो, सवय होते. सांगायला आपलं काय जातं. मला पहिले दोन दिवस रात्रंदिवस आणि पुढे पंधरा दिवस सकाळपासून झोपेपर्यंत सांगितले होते, मांडीपर्यंतचे, क्लास टू म्हणजे दुसऱ्या नंबरच्या दाबाचे. मे महिना, दुकानाला वरून पत्रा, दुपारी फॅनची हवासुद्धा गरम. सकाळी अंघोळ झाली की पाय कोरडा करायचा, पावडर मारायची, मोजा उलटा करून टाच टाचेवर आणायची आणि मग वर ओढायला सुरुवात, तो पोटरीपर्यंत येतो आणि अडतो, तोपर्यंत परत घाम, परत चिकट. पाच दिवस बायकोनं ओढून दिला, सहाव्या दिवशी ती म्हणाली अहो मला डबे भरायचेत. मग कोणीतरी सांगितलं भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह्ज घाला, त्यानं पकड येते, ते खरं निघालं. पण दुपारी दोननंतर वरची सिलिकॉनची पट्टी घामानं सुटायची, मोजा गुंडाळत खाली यायचा आणि गुडघ्यामागे दोरीसारखा आवळून बसायचा, गिऱ्हाईक समोर उभं आणि मी काउंटरखाली वाकून पँटमधून मोजा ओढतोय. मांडीवर पट्टीच्या जागी लाल पुरळ आली ती वेगळीच. नंतर वाचनात आलं की ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्ये प्रोसिजरनंतर मोजे दिलेच तर ७ दिवसांच्या वर नकोत असं म्हटलंय, तेव्हा मी कपाळाला हात लावला. आमच्या डॉक्टरांची पद्धत तशी, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, पण तुम्ही आधीच विचारून घ्या, किती दिवस आणि का.

दोन वर्षांनी डाव्या घोट्याजवळ कातडी काळपट पडून खाज सुरू झाली. थांबलो तर जखम होईल असं डॉक्टर म्हणाले, आणि परत उन्हाळाच, एप्रिल महिना. मी पहिला प्रश्न मोज्यांचा विचारला. म्हणाले ग्लू करा, मोजे नाहीत. मी तिथेच ठरवलं, पैसे नंतर विचारले.

ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, फेविक्विकच्याच खानदानातलं. व्हेनासील हे त्यातलं जास्त ऐकू येणारं नाव, अमेरिकेत २०१५ ला मंजुरी मिळाली, आणि आरएफशी तुलना झाली तेव्हा नस बंद ठेवण्यात तोडीस तोड निघालं. मांडीभर टोचणं नाही, गुडघ्याखाली एक भुलीचं इंजेक्शन, तिथूनच नळी वर नेली, डॉक्टर थेंब सोडायचे आणि सोनोग्राफीच्या प्रोबनं वरून दाबून धरायचे, पहिल्यांदा तीन मिनिटं, मग पुढे अर्धा-अर्धा मिनिट. भाजायचं काही नाही, त्यामुळे गुडघ्याखाली मज्जातंतूला धग लागून बधिरपणा यायची भीतीही नाही. एक छोटी पट्टी लावली, संध्याकाळी काउंटरवर होतो. पँटमध्ये फक्त पाय!

आता दुसरी बाजू. आठव्या दिवशी मांडीवर नसेच्या रेषेत लाल पट्टा उठला, गरम आणि खाजरा, ग्लूची रिॲक्शन, ॲलर्जीच्या गोळीनं आठवड्यात बसला. कोणाला यापेक्षा जास्तही होऊ शकतं, आणि ज्यांना जेल नेलपॉलिश किंवा चिकटवायच्या पदार्थांची ॲलर्जी आहे त्यांनी हे आधी सांगायलाच पाहिजे, कारण ग्लू आत गेला की परत काढता येत नाही. खर्च मला लेझरच्या जवळपास दीडपट आला. मेडिक्लेमवाल्यांनी दोन क्वेरी काढल्या, शेवटी दिले. बऱ्याच पॉलिसीत व्हेरिकोजला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो तोही बघा. नस फार जाड असेल तर डॉक्टर स्वतःच लेझरकडे वळवतील.

आणि एक मेख. मोजे नाहीत हे फक्त मेन नसेपुरतं. वर दिसणाऱ्या गाठी त्याच वेळी काढल्या किंवा फोम केला तर मोजे आलेच. मी ते काम मुद्दाम डिसेंबरवर ढकललं. पोटरीत फोम, आठ दिवस मोजे, आणि नाशिकच्या थंडीत ते अक्षरशः उबेला घालावे तसे घातले, एक शब्द तक्रार नाही. म्हणजे तुमची तारीख दिवाळीनंतरची असेल आणि खिशाला ताण नको असेल तर लेझर किंवा आरएफ अगदी चांगलं आहे, माझा उजवा पाय आजही ठणठणीत आहे, गेल्या श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी दोन्ही पायांनी सारखीच मारली, कुठला लेझरचा आणि कुठला ग्लूचा हे मलाच सांगता आलं नसतं. पण उभं राहायचा धंदा, उन्हाळा तोंडावर आणि थांबता येत नाही असा पेच असेल, तर मी आपला पुन्हा ग्लूच करीन.

परवा एक काका मोज्यांचं माप द्यायला आले, संध्याकाळी सहाला. म्हटलं काका उद्या सकाळी उठल्या उठल्या या, आत्ता पाय सुजलाय, माप मोठं येईल. म्हणाले लेझर ठरलंय, वीस एप्रिलला. मी मोजा दिला, आणि सोबत रबरी ग्लोव्ह्जची जोडी फुकट.