मातीचा तीन मजली कंपोस्ट संच: फोंड्याच्या बाल्कनीत चौदा महिने

गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर गोव्यात, आमच्या फोंड्यातील फ्लॅटच्या बाल्कनीत भाजक्या मातीचा तीन मजली कंपोस्ट संच येऊन बसला आणि या जूनमध्ये त्याला चौदा महिने पूर्ण झाले. असे संच विकणाऱ्या कंपन्या आता अनेक आहेत आणि त्यांची रचना जवळपास एकसारखीच असते. त्यामुळे पुढील मजकूर कोणत्याही एका छापाविषयी नसून या प्रकारच्या वस्तूविषयी आहे, असे समजावे. विकत घेण्यापूर्वी मी जी परीक्षणे वाचली होती, ती बहुतेक पुणे-बंगळूरकडच्या कोरड्या हवेतल्या घरांची होती. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जिथे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे ही मडकी कशी वागतात, हे त्यांपैकी एकानेही लिहिलेले नव्हते.

संचाची रचना साधी आहे. एकावर एक बसणारी तीन मडकी आणि वर झाकण. वरच्या दोन मडक्यांना तळ नसतो, त्या जागी सुतळीची जाळी ताणलेली असते. सर्वांत खालच्या मडक्याला मात्र तळ असतो. अंगाला हवेसाठी भोके असतात. रोजचा ओला कचरा वरच्या मडक्यात टाकायचा, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा सुका पाला पसरायचा, आणि मडके भरले की ते मधल्या जागी हलवून रिकामे मडके वर घ्यायचे. दुसरे भरेपर्यंत पहिल्यातला माल निम्म्याहून खाली बसलेला असतो. तो तळाच्या मडक्यात ओतून मुरू द्यायचा. चार माणसांच्या आमच्या घरात मासळी आणि करवंट्या वगळून सुरुवातीला रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघत असे, हे आठवडाभर वजनकाट्यावर मोजून पाहिले होते. आजवर अकरा वेळा खत काढले आणि दर खेपेला ते चार ते पाच किलो भरले.

नगरपालिकेची गाडी दारात येत असताना हा खटाटोप कशासाठी, असे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले होते आणि प्रश्न रास्त होता. साळगावला २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज तयार होते, हे आपण गोव्यात अभिमानाने सांगतो. पण अशा प्रकल्पालाही कचरा वेगळा केलेला लागतो. एकत्र टाकलेल्या ढिगात हवा पोहोचत नाही, तो आतल्या आत कुजून मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, असे मानले जाते. मे २०१९ मध्ये मडगावच्या सोनसोडोतील कचऱ्याच्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर त्या भागातल्या लोकांनी किती दिवस सोसला, हे तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकले होते. घरचा ओला कचरा घरातच जिरवला तर गाडीतले आपले ओझे तरी कमी होईल, एवढाच हिशेब होता.

पहिले दोन महिने संच निर्दोष चालला. मे महिन्यात फणसाच्या चारखंडांनी वरचे मडके एका दिवसात निम्मे भरले, तरी वास आला नाही. सोबत आलेल्या माहितीपत्रकात लिहिले होते, की एक मूठ कचऱ्याला एक मूठ भुसा घालावा आणि आठवड्यातून दोनदा ढवळावे. आम्ही ते अक्षरशः पाळत होतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हिशेब बिघडला. हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असताना मडक्याच्या भिंतीतून पाणी बाहेर जाण्याऐवजी भिंतीच ओलावा धरून बसतात. बाहेरून पांढरी बुरशी चढते आणि आतला माल भिजलेल्या पोह्यांसारखा लगदा होतो. कंपनीने दिलेला भुसाही पिशवीतच दमट झाला होता, त्यामुळे तो शोषणार तरी काय? त्यात कडेने तपकिरी पाणी झिरपू लागले आणि एका सकाळी पाहते तो राखाडी रंगाच्या, करंगळीच्या नखाहून थोड्या लांब अळ्यांची रांग बाल्कनीच्या लादीवरून थेट शेजारच्या काकूंच्या तुळशीकडे निघालेली. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, ही माशी चावत नाही आणि अळ्या कचरा झपाट्याने खातात, हे सर्व खरे असले, तरी पहाटे दिवा लावायला आलेल्या काकूंना ते पटवून देणे मला जमले नाही. मी लादी धुऊन काढली आणि पंधरा दिवस वरच्या मडक्यात काहीही टाकले नाही.

माझ्या मते या वस्तूचा खरा दोष इथेच आहे आणि तो मडक्याचा नसून माहितीपत्रकाचा आहे. कंपोस्ट नीट होण्यासाठी कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस एक भाग असे लागते आणि मालात ओल ५० ते ६० टक्के असावी लागते. भाजीची देठे, तांदूळ धुतलेल्या पाण्याने भिजलेली साले, खोबऱ्याचा चोथा यांत नायट्रोजन आणि पाणी दोन्ही भरपूर. कार्बन मिळतो तो सुक्या पाल्यातून. एकास एक हे प्रमाण कोरड्या हवेत पुरते, आमच्याकडे पावसाळ्यात ते एकास दोन किंवा त्याहून अधिक करावे लागते. शिवाय तो पाला खरोखर सुका हवा आणि जुलैत गोव्यात सुका पाला आणायचा कुठून, हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नाही.

उत्तर सावईवेऱ्याला, सासरच्या मूळ घरी सापडले. तिथल्या कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, लागून फणस, आंबे आणि काजूची झाडे आहेत आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा पाला झाडून एका कोपऱ्यात जाळला जातो. या वर्षी मी तो जाळू दिला नाही. सहा पोती भरून फोंड्याला आणली आणि खाटेखाली रचली, त्यावरून घरात दोन दिवस थट्टा झाली ती वेगळी. फणसाचे आणि काजूचे पान जाड असते, तसेच टाकले तर महिनोन्‌महिने पान म्हणूनच राहते. त्यामुळे पोत्यावर पाय देऊन ते आधी चुरावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात तसे केले तर पाच मिनिटांत पोते निम्मे होते. चालू जूनचे तीन आठवडे या पाल्यावर काढले आहेत आणि लादीवर अद्याप एकही अळी उतरलेली नाही.

मासळीविषयी माहितीपत्रकात एकच ओळ आहे: मांस व मासळी घालू नये. गोव्यातल्या मासे खाणाऱ्या घरासाठी ही ओळ म्हणजे निम्म्या कचऱ्याचा प्रश्न तसाच टांगून ठेवणे आहे. बांगड्याच्या आतड्या आणि खवले मडक्यात टाकण्याचे धाडस मी केले नाही. ती रविवारी गावी जातात, माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरली जातात आणि वर राख पडते, जे आमच्या आजेसासूबाई कोणत्याही कंपोस्ट संचाशिवाय करीत आल्या होत्या. तोवर ती फ्रीजरच्या एका डब्यात पडून असतात, यावर घरात अजूनही एकमत नाही. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सालांचा मात्र प्रयोग केला. मे महिन्यात ती धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवली, कुस्करली आणि थोडी थोडी पाल्यात मिसळली. वास आला नाही आणि दीड महिन्यात साल ओळखू येईनासे झाले. पावसाळ्यात हे करू नये. तिसऱ्यांचे शिंपले तर कशानेच कुजत नाहीत, ते तुळशीच्या कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी घातले आहेत.

संचाची सर्वांत चांगली परीक्षा चवथीने घेतली. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा आणि त्यावर बांधलेली माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली चौकट, भरगच्च: आंबाडे, तोरिंग, निरफणस, चिबूड, सुपारीचे घोस, रानातून आणलेल्या कांगल्या. खाण्याजोगे ते वाटून खाल्ल्यावरही जे उरते, ते आजवर निर्माल्यासह पाण्यात सोडले जाई. या वेळी फुले, पत्री, दूर्वा आणि माटोळीतले उरलेले जिन्नस मी मडक्यात घातले. फुले तीन आठवड्यांत मातीसारखी झाली. तोरिंगाची जाड साल दिवाळीपर्यंत टिकून होती, आणि सुपारीचा घोस जसा गेला तसाच बाहेर आला. चिबडाच्या बिया तर कुजल्याच नाहीत. ते खत झेंडूच्या कुंडीत घातल्यावर आठवड्यात तिथे चिबडाची सात रोपे वर आली. एवढ्याशा मडक्यात मोठ्या ढिगासारखी उष्णता साठत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. ज्यांना कुंडीत ठरवलेलेच झाड हवे आहे, त्यांनी भोपळा, टोमॅटो आणि चिबूड यांच्या बिया आधीच वेगळ्या काढाव्यात. आम्ही दोन वेली ठेवल्या, त्यांना फळ धरले नाही.

विक्रीपश्चात सेवेबद्दल फारसे चांगले लिहिता येत नाही. झाकण प्रवासात तडकून आले होते. कंपनीने छायाचित्र मागितले, दिलगिरी व्यक्त केली आणि तेवीस दिवसांनी जे दुसरे झाकण पाठवले, ते मडक्याच्या तोंडाहून बोटभर लहान निघाले. तिसऱ्यांदा पत्रव्यवहार करण्याऐवजी मी माप घेऊन डिचोलीच्या एका कुंभाराकडे गेले. त्यांनी मडक्याचा कागदावर काढलेला घेर पाहिला, बाल्कनीत पाऊस कोणत्या बाजूने येतो ते विचारले, आणि छत्रीसारखी कड बाहेर व खाली उतरलेले झाकण करून दिले. कंपनीच्या सपाट झाकणावर साचणारे पाणी कडेने आत शिरत असे. या झाकणावरून ते बाहेरच्या बाहेर ओघळते. त्यासाठी मोजलेली रक्कम कंपनीच्या घरपोच शुल्काहूनही कमी होती.

एक परिणाम मात्र मी अपेक्षिला नव्हता. गाडीत टाकलेला कचरा डोळ्यांआड होतो, मडक्यातला होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ढवळताना लक्षात आले, की दर सोमवारी कोथिंबिरीची अर्धी जुडी आणि तांबड्या भाजीची मलूल पाने हमखास वर दिसतात, कारण बाजारात स्वस्त मिळते म्हणून आम्ही दोन जुड्या जास्त घेत होतो. आता एकच घेतो. शिळ्या पोळ्यांचेही तसेच झाले. रोजचा कचरा पाऊण किलोच्या खाली आला आहे, त्यामुळे मडके भरायला पूर्वीपेक्षा आठवडाभर अधिक लागतो.

ज्यांच्या बाल्कनीत थेट पाऊस येतो आणि ज्यांना सुका पाला मिळण्याची सोय नाही, त्यांनी हा संच पावसाच्या तोंडावर घेऊ नये. नोव्हेंबरमध्ये घ्यावा, म्हणजे हात बसेपर्यंत सहा-सात कोरडे महिने मिळतात. घरात दोघेच असतील तर तीन मडक्यांची गरज नाही. मला दुसरा संच लागलाच तर तो कंपनीकडून मागवणार नाही. कुंभाराला मी विचारून ठेवले आहे. तळ नसलेली मडकी करता येतील, पण पावसाळ्यात माती सुकत नसल्याने चवथीनंतर या, असे त्यांनी सांगितले आहे.